कानांनीं वाचलेल्या कादंबऱ्या



‘अमुक कादंबरी वाचली’ असें म्हणण्याऐवजीं ‘अमुक कादंबरी ऐकली’ असें म्हणणारीं माणसें आतां आपल्या शहरांतून बरींच भेटूं लागलीं आहेत. सकाळच्या लोकलगाडींत समोरचा गृहस्थ कानांत इअरफोन घालून डोळे मिटून बसलेला असतो. तो एखादें गाणें ऐकत असेल अशी आपली समजूत. पण चौकशी करावी तर तो पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणींत असतो, नाहीं तर एखाद्या खुनाच्या तपासांत गढलेला असतो. ओट्यापाशीं पोळ्या लाटणारी गृहिणी मध्येंच हात थांबवून स्तब्ध उभी राहते. तव्यावरची पोळी करपूं लागते, पण तिचें सारें लक्ष कानाशीं गुंतलेलें असतें.

या ऐकावयाच्या पुस्तकांना ऑडिओबुक असें नांव आहे. मी त्यांना बोलकीं पुस्तकें म्हणणार आहें, आणि तीं वाचून दाखविणाराला अभिवाचक. बोलक्या पुस्तकांचे प्रकार पुष्कळ आहेत. परंतु मला आज दोघांविषयींच बोलावयाचें आहे. एक ऐतिहासिक कादंबरी आणि दुसरी रहस्यकथा. हे दोनच निवडण्याचें कारण असें कीं, छापील पान सोडून कानाच्या वाटेनें येतांना या दोन प्रकारांत जो फरक पडतो तो इतरांत तितकासा पडत नाहीं. रहस्यकथेला तिची हरवलेली एक वस्तु परत मिळते. ऐतिहासिक कादंबरीला तिच्याहून पुष्कळ अधिक मिळतें. पण त्या लाभाच्या पाठोपाठ एक धोकाहि घरांत येतो, आणि त्या धोक्याविषयीं आपल्याकडे फारसें बोललें जात नाहीं.

प्रथम एका आक्षेपाचा समाचार घेऊं. कित्येक सुशिक्षित मंडळींच्या मनांत या ऐकण्याविषयीं अढी असते. ऐकणें म्हणजे आळशाचें वाचन, असें त्यांना वाटतें. माझ्या मतें ही अढी फार जुनी नाहीं आणि फारशी आपलीहि नाहीं. ज्या समाजांत चातुर्मासांत ओसरीवर श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ लागत असे, आणि वाचणारा एक व ऐकणारे पन्नास असा हिशेब होता, त्या समाजाला कान हेंहि वाचनाचें इंद्रिय आहे हें कोणीं शिकवावयास नको होतें. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झाला. त्यावर अज्ञानदास शाहिरानें रचलेला पोवाडा आज उपलब्ध आहे. तो पाहिला म्हणजे वाटतें कीं, ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा या दोघींचें माहेर एकच असावें. खान निघाला, वकील आले, भेट ठरली. पुढें काय होणार हें ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. तरी शाहिराची डफावर थाप पडली कीं श्वास रोखला जातो तो जातोच.

मोडी लिपींतले जुने कागद ज्यांनीं पाहिले असतील त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. लिहिणारा प्रथम पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्या खालीं अक्षरें जोडीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं. डोळ्यांना तें लिखाण बिनदरवाज्याच्या भिंतीसारखें वाटतें. परंतु सराईत माणसानें तेंच मोठ्यानें वाचलें कीं भिंतींतून वाट फुटूं लागते. कारकुनानें वाचावें आणि धन्यानें ऐकावें या बेतानेंच पुष्कळसे कागद लिहिले जात. बखरींतलीं लांबच लांब वाक्यें डोळ्यांना जड जातात, पण कानाला जड जात नाहींत, याचेंहि कारण हेंच. थोडक्यांत, आपल्या इतिहासाची मराठी ही मुळांत कानाची मराठी आहे. ऐतिहासिक कादंबरीकारांनीं ती उसनी घेतली, तींत स्वल्पविराम घातले आणि छापली. अभिवाचक ती पुन्हां मोठ्यानें वाचतो तेव्हां लेक माहेरीं यावी तशी ती मोकळी होते.

हें सारें आपल्याकडेच होतें असें मात्र नाहीं. क्यूबा बेटांत हॅव्हाना शहरीं विड्यांचे, म्हणजे चिरूटांचे, मोठमोठे कारखाने होते. तेथील कामगार दिवसभर तंबाखूचीं पानें वळीत बसत. हात गुंतलेले आणि कान मोकळे. १८६५ सालीं तेथें अशी प्रथा पडली कीं, कामगारांनीं आपापसांत वर्गणी काढून एक वाचणारा नेमावा, आणि त्यानें उंच आसनावर बसून सर्वांना ऐकूं जाईल असें वाचावें. सकाळीं वर्तमानपत्र, मग कादंबरी. कोणती कादंबरी घ्यावी हें कामगार मतें घेऊन ठरवीत, आणि एखादा भाग आवडला म्हणजे पानें कापावयाची सुरी फळीवर आपटून शाबासकी देत. सरकारला हें वाचन फार मानवेना. पुढच्याच वर्षीं त्यावर बंदी आली. पण अशा बंद्या टिकत नाहींत तशी तीहि टिकली नाहीं. त्या कामगारांच्या आवडीची एक कादंबरी म्हणजे अलेक्झांडर द्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’. १८४४ ते १८४६ या काळांत ती पॅरिसच्या एका वृत्तपत्रांतून क्रमशः निघाली. आरंभ नेपोलियनच्या पुनरागमनाच्या दिवसांतला, म्हणून ती ऐतिहासिक; आणि कट, कारावास, वेषांतर, सूड यांनीं ओतप्रोत, म्हणून ती थरारकथा. १९३५ सालीं निघालेल्या एका चिरुटाला याच कादंबरीचें नांव दिलें गेलें, आणि तें आजहि चालू आहे. अमेरिकेंत फ्लॉरिडामधील टँपा गांवींहि क्यूबन कामगारांनीं ही प्रथा नेली होती. तेथील मालकांनीं १९३१ सालीं वाचणाऱ्यांना काढून टाकलें आणि त्यांच्या जागीं रेडिओ आणून ठेवला. नभोवाणीवरून बोलतांना हें सांगणें मला थोडें अवघड जातें, पण घडलें तें असें घडलें.

यंत्राची हकीकत मी थोडक्यांत आटोपतों. एडिसननें १८७७ सालीं ध्वनिलेखनाचें यंत्र तयार केलें आणि दुसऱ्याच वर्षीं त्याचे उपयोग सांगतांना अंधांसाठीं बोलकें पुस्तक हा एक उपयोग त्यानें नोंदविला. पण कल्पना आणि वस्तु यांत पन्नासांहून अधिक वर्षें गेलीं. नेहमींच्या तबकडीच्या एका बाजूवर चारएक मिनिटें मावत. दहा तासांची कादंबरी म्हटली कीं पाऊणशे तबकड्या. ती ऐकण्यापेक्षां उचलण्याचेंच काम अधिक. पहिल्या महायुद्धांत डोळे गमावलेल्या सैनिकांपैकीं पुष्कळांना प्रौढ वयांत ब्रेल लिपि साधेना. त्यांच्याकरतां इंग्लंडांत खटपट सुरू झाली, आणि तिच्या पुढाऱ्यांत १९१६ सालीं सोमच्या रणांगणावर स्वतःची दृष्टि गमावलेले कॅप्टन इयन फ्रेझर होते. अतिशय मंद गतीनें फिरणारी, एका बाजूवर पंचवीस मिनिटें मावणारी तबकडी तयार झाली, आणि नोव्हेंबर १९३५ मध्यें पहिलीं बोलकीं पुस्तकें अंध वाचकांच्या घरीं पोंचलीं. अगदीं पहिल्यांत जीं दोन होतीं त्यांपैकीं एक जोसेफ कॉनराडचें ‘टायफून’, आणि दुसरें अ‍ॅगाथा ख्रिस्तीचें ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’.

ही दुसरी निवड कोणीं केली असेल त्याच्या रसिकतेला मी मनोमन नमस्कार करतों. ती कादंबरी १९२६ सालची. ज्यांनीं ती वाचली नसेल त्यांचा रसभंग करण्याचें पाप मी करणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं, तींत गोष्ट सांगणारा एक मनुष्य आहे आणि सारी मौज तो काय सांगतो व काय सांगत नाहीं यांत आहे. असें पुस्तक डोळ्यांनीं वाचतांना सांगणाऱ्याचा आवाज आपण आपल्या मनानेंच पुरवितों. ऐकतांना तसें करतां येत नाहीं. आवाज बाहेरून येतो. शांत, सभ्य, घरोब्याचा. आपण त्याला खुर्ची देतों, चहा देतों, त्याच्यावर विश्वास ठेवतों. आणि अभिवाचकाची कसोटी अशी कीं, शेवट त्याला ठाऊक आहे, परंतु पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत तो त्याच्या कंठाला ठाऊक असतां कामा नये. एका शब्दावर नको तितका भार पडला कीं दहा तासांचा डाव फुकट.

रहस्यकथेची हरवलेली वस्तु मी मघाशीं म्हटली ती हीच : न कळण्याचें सुख. छापील रहस्यकथेचा वाचक, खरें सांगावयाचें तर, मोठा लबाड प्राणी असतो. तो शेवटचें पान उघडून पाहतो. तें न पाहण्याइतका प्रामाणिक असला तरी उजव्या अंगठ्याखालीं किती पानें उरलीं आहेत हें त्याला कळतच असतें. आणि ऐंशी पानें उरलीं असतां ज्याला बेड्या पडल्या तो कांहीं खरा खुनी नव्हे, हें अनुमान काढावयाला शेरलॉक होम्स लागत नाहीं. परिच्छेद लांब दिसला कीं तो ओलांडतो, संवादाकडे धांव घेतो, आणि नेमका पुरावा त्या लांब परिच्छेदांत पडून राहतो. कानाला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. फोनच्या पडद्यावर शिल्लक वेळ दिसते हें खरें, पण फोन खिशांत असतो. वाक्य ज्या क्रमानें लिहिलें त्या क्रमानें आणि त्या गतीनें येतें. बाबूराव अर्नाळकरांनीं सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांतून त्या दोन दोन दिवसांच्या बोलीनें घरीं आणून एका बैठकींत संपविण्याची एका पिढीला संवय होती. त्या वेगाचें सुख वेगळें. पण तो वेग वाचकाचा होता. येथें वेग सांगणाऱ्याचा असतो, आणि भय नेहमीं सांगणाऱ्याच्या हातीं असलेलें बरें.

तें किती परिणामकारक होतें याचें एक जुनें उदाहरण डिकन्सचें आहे. आपल्या कादंबऱ्यांतले भाग तो जाहीर सभांतून स्वतः वाचून दाखवीत असे. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग त्यानें १८६९च्या जानेवारींत प्रथम जाहीर रीतीनें वाचला, आणि पुढें तो पुन्हां पुन्हां वाचण्याचा त्याला जणूं ध्यासच लागला. श्रोत्यांत स्त्रियांना मूर्च्छा येत. वाचन संपल्यावर डॉक्टर त्याची नाडी मोजीत, ती शंभराच्या पुष्कळ वर गेलेली असे. डॉक्टरांनीं मना केलें, मित्रांनीं विनवलें. पण ऐकणाऱ्यांचे श्वास थांबलेले पाहण्याची त्याला चटक लागली होती. १८७०च्या मार्चांत त्यानें वाचनाचा निरोप घेतला आणि त्याच वर्षीं जूनमध्यें तो वारला.

डिकन्स सभागृहासाठीं वाचीत होता; आजचा अभिवाचक एका माणसाच्या कानांत वाचतो, हें मात्र विसरून चालणार नाहीं. सभागृहांतला आवेश कानाशीं आला कीं तो आरडाओरडा होतो. आपल्याकडच्या कांहीं बोलक्या पुस्तकांत हा दोष फार आहे. दार वाजलें कीं दाराचा आवाज, घोडा आला कीं टापांचा आवाज, आणि खलनायक बोलूं लागला कीं मागें ढोल. मला तर असल्या वेळीं लेखकाची कींव येते. त्यानें शब्दांनीं घोडा उभा केलेला असतो. त्याच्यापुढें नारळाच्या करवंट्या वाजविण्याचें प्रयोजन काय? वाक्य नीट उच्चारलें, योग्य जागीं थांबलें आणि पात्रांच्या बोलण्यांत नखाएवढा फरक ठेवला म्हणजे पुरे. बाकीचें काम ऐकणारा आनंदानें करतो.

ऐकण्याला स्वतःच्या अडचणी आहेत, त्या लपविण्याचें कारण नाहीं. आमचे एक स्नेही रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या रहस्यकथा लावतात. गेल्या महिन्यांत त्यांनीं एकच खून चार रात्रीं ऐकला, म्हणजे ऐकावयाचा प्रयत्न केला. दर वेळीं खुनी जिन्यावर चढूं लागला कीं यांचा डोळा लागे, आणि सकाळीं उठून पाहावें तों खटला संपून आरोपी फांसावर गेलेला. रहस्यकथेंतील पुरावा निसटला तर मागें वळून शोधणें कानाला कठीण. पान उलटतां येतें, पण ‘तो माळी काय म्हणाला होता तें पुन्हां सांग’ असें यंत्राला सांगून पाहा! यासाठीं ज्यांत माणसें थोडीं आणि जागा एक, अशी रहस्यकथा ऐकावयाला उत्तम. रेल्वेचें वेळापत्रक, बंगल्याचा नकाशा, वंशावळ असल्या गोष्टींवर जिचा डोलारा उभा आहे ती खुशाल छापील घ्यावी.

आणि शक्य असेल तर रहस्यकथा एकट्यानें ऐकूं नये. इअरफोन हें मोठें सोयीचें साधन खरें, पण ओसरीवरच्या पन्नास माणसांचीं त्यानें पन्नास बेटें केलीं. गेल्या मे महिन्यांत आम्ही मोटारीनें मुंबईहून रत्नागिरीस गेलों. गाडींत तीन पिढ्या. पेण सुटल्यावर मुलांनीं एक गुप्तहेरकथा लावली. प्रारंभीं आमच्या मातोश्रींनीं नाक मुरडलें. महाड मागें पडेपर्यंत त्याच सर्वांत आधीं संशयितांचीं नांवें घेऊं लागल्या. चिपळुणास चहाला थांबलों तेव्हां चहावाल्यासमोर आमचा असा वाद चालला होता कीं, त्या बिचाऱ्यानें ‘खून कोणाचा झाला?’ असें घाबरून विचारलें. घराच्या दारांत गाडी उभी राहिली, आंतून माणसें स्वागताला आलीं, आणि आम्ही सारे दारें न उघडतां बसून होतों. कारण प्रकरण संपावयाला सात मिनिटें होतीं. मातोश्रींचा तर्क खरा ठरला. हा विजय त्या अजून विसरलेल्या नाहींत आणि आम्हांलाहि विसरूं देत नाहींत.

आतां ऐतिहासिक कादंबरीकडे वळतों. आपल्याकडे तिचा आरंभ गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून, धरतात. पुढें हरिभाऊ आपटे, नाथमाधव; आणि अलीकडच्या काळांत रणजित देसायांची ‘स्वामी’ १९६२ सालीं, ना. सं. इनामदारांची ‘राऊ’, शिवाजी सावंतांची ‘छावा’, विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ सालीं, अशी ही परंपरा चालत आली आहे. हीं पुस्तकें वाचतांना एक गोष्ट आपण सर्वच करतों. मुत्सद्देगिरीचें बोलणें आलें, फारशी वळणाचे शब्द आले, पदव्यांची रांग आली, कीं डोळा त्यांवरून घसरून पुढें जातो. ‘अर्जबेगी’, ‘सरंजाम’, ‘तैनात’, ‘मसलत’ हे शब्द आपण पाहतों, उच्चारीत नाहीं. अभिवाचकाला ते उच्चारावेच लागतात. आणि उच्चारलेला शब्द, त्याचा अर्थ नीट कळो वा न कळो, आपल्याबरोबर एक वास घेऊन येतो. पत्राच्या शेवटचें ‘बहुत काय लिहिणें’ हें डोळ्यांना नुसतें शिष्टाचाराचें वाटतें. थकलेल्या आवाजांत तें ऐकलें कीं लिहिणाऱ्यानें किती गोष्टी लिहिल्या नाहींत हें कळतें.

इंग्रजींतहि हाच अनुभव आहे. हिलरी मँटेलची ‘वुल्फ हॉल’ ही २००९ सालची कादंबरी आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्याविषयीं आहे. तींत क्रॉमवेलला लेखिका बहुधा नुसतें ‘तो’ म्हणते, आणि छापील पानावर हा ‘तो’ नेमका कोण यावर कित्येक वाचक अडखळले. त्या कादंबऱ्यांतला क्रॉमवेल रंगभूमीवर बेन माइल्स या नटानें केला होता. पुढें २०२० सालीं त्याच्याच आवाजांत ही कादंबरी ध्वनिमुद्रित झाली. ती ऐकतांना ‘तो’ कोण हा प्रश्न मनांत येत नाहीं. आवाजच तें सांगून टाकतो.

टॉल्स्टॉयची ‘युद्ध आणि शांति’ न संक्षेपतां ऐकावयाला साठएक तास लागतात. रोज एक तास ऐकलें तरी दोन महिने. ऐकून छाती दडपते. पण दोन महिने एका घराण्याबरोबर राहिल्याखेरीज तें घराणें आपलें होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. यंत्रांत गति दीडपट, दुप्पट करण्याची सोय असते. रहस्यकथेंत ती वापरणाराला मी फार तर उतावळा म्हणेन. ऐतिहासिक कादंबरी दुप्पट वेगानें ऐकणाराला काय म्हणावें तें मला सुचत नाहीं. रामशास्त्री दुप्पट वेगानें बोलूं लागले तर त्यांच्या निवाड्यावर कोण विश्वास ठेवील?

विश्वासाचा शब्द आला, आणि तोच मीं सांगितलेला धोका आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनवारवाड्यांत अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा गारद्यांनीं खून केला. रामशास्त्री प्रभुण्यांनीं चौकशी करून रघुनाथरावाला दोषी ठरविलें. येथपर्यंत इतिहास. पण आपल्या मनांत या खुनाचें जें चित्र आहे त्यांतल्या दोन ठळक रेघा वेगळ्या आहेत. एक, वाड्यांतून धांवणाऱ्या कोंवळ्या पेशव्याची ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी. दुसरी, नारायणरावाला ‘धरावें’ या हुकमांतल्या ध चा मा करून तो ‘मारावें’ करणारी आनंदीबाई. आरोळी दंतकथेंतून आलेली आहे. अक्षर कोणीं बदललें, मुळांत बदललें कीं नाहीं, याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. तरीहि ‘ध चा मा करणें’ हा आपल्या भाषेंत वाक्प्रचार होऊन बसला, आणि त्या बाईवर कोणत्याहि न्यायाधीशानें ठेविला नसेल इतका पक्का ठपका भाषेनेंच ठेवून दिला.

हा प्रसंग छापील कादंबरींत वाचतांना आपल्या हातांत एक लगाम असतो. पान खालीं ठेवून आपण विचारूं शकतों, हें खरें कशावरून? तळटीप असेल तर पाहतों. नसेल तर निदान ती नाहीं हें दिसतें. कानांत तीच आरोळी आली म्हणजे लगाम सुटतो. अंधारांत, एकट्याच्या कानांत, चांगल्या अभिवाचकाच्या आवाजांत तो मुलगा ओरडतो, आणि त्याक्षणीं तें घडलें कीं नाहीं हा प्रश्नच अमानुष वाटूं लागतो. डोळ्यांनीं पाहिलेल्या अक्षराविषयीं शंका घेण्याची संवय आपणांला शाळेनें लावली. आवाजाविषयीं शंका घेण्याची संवय कोणीं लावलेली नाहीं. लहानपणीं ज्या आवाजांनीं आपणांला गोष्टी सांगितल्या ते सारे विश्वासाचेच होते. म्हणून कादंबरीकारानें प्रामाणिकपणें कल्पिलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनांत इतिहास म्हणून जाऊन बसते, आणि पुढें तीच आपण चारचौघांत पुरावा म्हणून सांगतों. इतिहासावरून डोकीं फोडण्याइतका उत्साह ज्या प्रांतांत आहे तेथें ही बाब मला किरकोळ वाटत नाहीं.

‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची विस्तृत प्रस्तावना आहे. इतिहास कोठें थांबतो आणि कादंबरी कोठून निघते याचा विचार ज्यांना करावयाचा असेल त्यांनीं ती अवश्य वाचावी. अशा प्रस्तावना, टीपा, साधनांच्या याद्या बोलक्या पुस्तकांतून पुष्कळदां गाळल्या जातात, कारण त्या ऐकावयाला रुक्ष. काढणारांना माझी विनंति आहे कीं, गाळूं नका. दहा मिनिटांचा रुक्षपणा वीस तासांच्या आनंदाला भारी होत नाहीं.

माझी एक मावशी इतिहासाची शिक्षिका होती. निवृत्तीनंतर डोळ्यांच्या पडद्याचा विकार जडला आणि वाचन सुटलें. बोलकीं पुस्तकें आलीं तेव्हां मीं मोठ्या उत्साहानें तिची एक आवडती पेशवाईवरची कादंबरी तिला लावून दिली. अर्धा तास ऐकून ती म्हणाली, ‘अरे, बंद कर तें. माझा माधवराव असा बोलत नसे.’ पंचवीस वर्षांपूर्वीं तिनें वाचली तेव्हां त्या पुरुषाला एक आवाज तिनेंच दिला होता. तेथें दुसऱ्याला जागा नव्हती. तेव्हांपासून पूर्वीं न वाचलेलींच पुस्तकें ती ऐकूं लागली, आणि तीं मात्र अधाशासारखीं. एके दिवशीं नारायणरावाचा खून चालला होता. आरोळी झाली. मावशीनें डोळे पुसले, मग हात वर करून यंत्र थांबवावयाला सांगितलें आणि म्हणाली, ‘आतां कपाटांतली सरदेसायांची रियासत काढ.’ मीं धूळ झाडून तो खंड काढला. तिनें तो सारा भाग मला मोठ्यानें वाचावयास लाविला, मधून मधून ‘पुन्हां वाच’ म्हणत. तो झाल्यावर म्हणाली, ‘हं, आतां लाव तुझी कादंबरी.’ ऐकण्याची याहून चांगली रीत मीं पाहिलेली नाहीं.

तिच्यासारख्यांना हें ऐकणें म्हणजे चैन नव्हे. अंध आणि दृष्टिहीन वाचकांसाठीं पुस्तकांच्या प्रती सुलभ रूपांत काढतां याव्या म्हणून २०१३ सालीं माराकेश येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ सालीं त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. मुंबईंत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेनें बोलक्या पुस्तकांचें काम बोलक्या पुस्तकांचा बाजार निघण्याच्या कितीतरी आधीं केलें. आज मराठी कादंबऱ्या फोनवर सहज मिळतात, त्या वाटेवर प्रथम चालले ते हे वाचक.

या वाटेवर आतां एक नवा प्रवासी आला आहे. माणसाऐवजीं संगणकानेंच पुस्तक वाचावें अशी सोय झाली आहे, आणि ती स्वस्त आहे. माहितीच्या पुस्तकाला ती चालेल. ऐतिहासिक कादंबरीला चालेल असें मला आज तरी वाटत नाहीं, आणि याचें कारण आपल्या वर्णमालेंतच दडलेलें आहे. मराठींत च आणि ज यांचे उच्चार दोन दोन, पण अक्षर एक. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा; लिहावयाला सारखे, बोलावयाला वेगळे. डोळा दोन्ही गिळून पुढें जातो. मोठ्यानें वाचणाराला तोंड उघडण्यापूर्वीं निवड करावी लागते. परवां एका यंत्रानें वाचलेल्या कादंबरींत वृद्ध सरदाराच्या वर्णनांत ‘जरा’ हा शब्द आला. म्हातारपण या अर्थाचा तो संस्कृत शब्द यंत्रानें ‘थोडेंसें’ या अर्थाच्या ‘जरा’सारखा उच्चारला, आणि सत्तर वर्षांचा तो पुरुष, ज्यानें तीन पेशवे पाहिले, तो केवळ थोडासा होऊन गेला. तें वाक्य नीट म्हणावयाला अभिवाचकाला त्या सरदाराचें वय ठाऊक असावें लागतें.